साक्सबोची भांडी भट्टीच्या कृपेने झाली नाहीत

डेन्मार्कच्या साक्सबो या कार्यशाळेच्या स्टोनवेअरचे, म्हणजे घट्ट भाजलेल्या मातीच्या भांड्यांचे, फोटो आणि खाली एक गोष्ट, असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. गोष्ट अशी: नाताली क्रेब्स नावाची एक साधी कुंभारीण 1950च्या दशकात कोपनहेगनजवळ एकटीच चाकावर बसली, तिने जपानी भांड्यांची नक्कल केली, रंग भट्टीत आपोआप उमटले आणि तिचं प्रत्येक भांडं जगात एकुलतं एक आहे. वाचायला गोड आहे. पण बाईंचं नाव आणि गाव सोडलं, तर यातलं फारच थोडं टिकतं.

‘साधी कुंभारीण’ हे पहिलं. क्रेब्स (1895–1978) शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. 1919मध्ये त्या इंजिनिअर झाल्या आणि पुढची दहा वर्षं बिंग अँड ग्रोन्डाल या पोर्सेलिनच्या नावाजलेल्या कारखान्यात होत्या. अडाणी हातांतून अद्भुत कला जन्मते, ही कल्पना आपल्याला फार आवडते. बाईमाणूस असेल तर जरा जास्तच.

1950चं दशकही चूक. भांड्यांचे आकार घडवणारे गुन्नार न्यूलुंड यांच्यासोबत क्रेब्सनी ही कार्यशाळा काढली ती 1929मध्ये. न्यूलुंड लवकरच स्वीडनच्या रोरस्ट्रांड कारखान्याकडे गेले आणि 1930पासून साक्सबो क्रेब्सच्या हाती आलं. परदेशी मासिकांतून डॅनिश डिझाइनचा गाजावाजा होऊ लागला, तेव्हा साक्सबोला वीस वर्षं होऊन गेली होती. आणि डेन्मार्कमधलं कलात्मक स्टोनवेअर त्याही आधीचं. पॅट्रिक नॉर्डस्ट्रॉम हे रॉयल कोपनहेगन कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून त्यावर काम करत होते.

आता ‘रंग आपोआप उमटले’. मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. आपल्याकडची लोणच्याची जुनी बरणी स्टोनवेअरचीच. ही माती साधारण 1200 ते 1300 अंश सेल्सिअसला भाजली की घट्ट होते, पाणी शोषत नाही. त्या तापमानाला ग्लेझ, म्हणजे भांड्यावर चढवलेला लेप, वितळून काचेसारखं होतं, आणि त्याचा रंग त्यात काय, किती मिसळलंय आणि भट्टीत प्राणवायू किती आहे यावर ठरतो. लोह एक-दोन टक्के असेल आणि प्राणवायू कमी ठेवला तर निळसर हिरवी छटा येते. तेच लोह आठ-दहा टक्क्यांवर नेलं की गडद तपकिरी, जवळजवळ काळं. तांबं मोकळ्या हवेत हिरवं, कोंडलेल्या धुरकट भट्टीत लाल. साक्सबोची भांडी ज्या मऊ, कमी चकाकीच्या पृष्ठभागासाठी ओळखली जातात, तसा पृष्ठभाग मिळवायला घटकांचं प्रमाण तर जमावं लागतंच, शिवाय भट्टी थंड कशी होते त्यावरही नजर लागते. घाईने थंड केलेलं तेच ग्लेझ चकाकत बाहेर येऊ शकतं. एकाच भट्टीत दोन कोपऱ्यांतली दोन भांडी थोडी वेगळी निघतात, हे खरं. पण तेवढ्यावरून सगळं श्रेय योगायोगाला देणं म्हणजे जिने हे प्रमाण बसवलं तिचंच काम पुसून टाकणं.

‘जपानी नक्कल’ यात थोडं तथ्य आहे, देश मात्र चुकला. त्या पिढीतल्या युरोपीय ग्लेझकारांसमोर मोठा आदर्श होता चीनमधल्या सोंग काळातल्या (960–1279) भांड्यांचा. साक्सबोच्या शिक्क्यात चिनी यिन-यांगसारखं चिन्ह आहे, म्हणजे ऋण लपवलेलंही नाही. पण आकार बघा: शांत, भरीव, नेमक्या कडांचे, कधी अंगावर उभ्या पन्हळी. ते चिनी भांड्यांच्या प्रती नाहीत.

आणि ते आकार बहुतांशी क्रेब्स यांचे नव्हतेच! म्हणून ‘एकटीच’ हा शब्दही जातो. 1932मध्ये एवा स्टेअर-निल्सन (1911–1976) साक्सबोत आल्या आणि तिथल्या मुख्य आकारकार झाल्या. आकार त्यांचा, ग्लेझ क्रेब्स यांचं, अशी ती जोडी. आक्सेल साल्टो, बोडे विल्लुमसेन, एडिथ सोने हेही वेगवेगळ्या काळात तिथे काम करून गेले. भांडं उलटं केलं की साक्सबोच्या शिक्क्याबरोबर पुष्कळदा आकार करणाऱ्याची आद्याक्षरं दिसतात. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी सोबतच्या फोटोंत तळ दाखवला असता, तरी हा मुद्दा तिथल्या तिथे मिटला असता.

‘एकुलतं एक’ हेही तळच खोडून काढतो. कित्येक भांड्यांवर मॉडेलचा क्रमांक ठसवलेला असतो, कारण तोच आकार पुन्हा पुन्हा केला जाई, वेगवेगळ्या ग्लेझमध्ये. साक्सबो ही विक्रीसाठी माल काढणारी कार्यशाळा होती आणि ती 1968पर्यंत चालली. विकत घ्यायला निघालेल्यांनी निदान एवढं ध्यानात ठेवावं: ‘जगातलं एकमेव’ म्हणून कोणी चढा भाव सांगितला, तर आधी भांडं उलटं करून क्रमांक आहे का ते पाहा, मग पैशाचं बोला.