मामांचे शिल्लक डेसिबल

"बहात्तर! अजून तीन शिल्लक आहेत, ताई," असं म्हणून नवरदेवाच्या मामांनी आवाज डेसिबलमध्ये मोजणारं अॅप लावलेला मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. लग्न परक्याचं, डीजे परक्याचा, कान तेवढे माझे. आवाज कमी करा म्हणायला लॉनच्या फाटकापर्यंत गेलेल्या बाईला कुणी शिल्लक दाखवतं का? मामांनी दाखवली. वर डीजेवाल्या पोराला ओरडून सांगितलं, "तीन वाढव रे!" पंच्याहत्तरची मुभा असताना बहात्तरवर थांबणं म्हणजे थाळीचे पूर्ण पैसे भरून गुलाबजाम सोडण्यासारखंच की. तीन डेसिबल वाढवायला अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते, हे त्या पोराला ठाऊक होतं. त्यानं आनंदानं बटण फिरवलं.

मामा उभे होते स्पीकरच्या पाठीमागे, अंगठा फोनच्या माइकवर. खरं मोजमाप करतात ते हद्दीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब, माइकवर वाऱ्यासाठी फोमची टोपी घालून. त्याआधी ९४ डेसिबलचा ठरावीक सूर देणारं कॅलिब्रेटर लावून मीटर तपासून घेतात. मामांच्या मीटरचं कॅलिब्रेशन अंगठ्यानं झालं होतं.

"मामा, पंच्याहत्तर कुठून आणलंत?"

"नियमात आहे! पाठ आहे मला."

अर्धाच पाठ होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ७५ आहे, पण सार्वजनिक जागेच्या हद्दीवर, आणि तेही असं: त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे झाले ६५. लॉन तर खासगी. तिथे मर्यादेवर ५ च जास्त चालतात, म्हणजे ६०. मामा बाराने कर्जात होते.

"मग औद्योगिक भाग धरा ना," मामा म्हणाले. "तिकडे दिवसाला पंच्याहत्तर असतात."

"धरा म्हणजे? समोर बालवाडी आहे."

"ती आत्ता बंद आहे."

यावर काय बोलणार? बालवाडीचंही तसं अवघडच आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, असं आपण धरून चालतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारनं तसं जाहीर केलं असेल तरच ते शांतता क्षेत्र. पेशंट आहेत, सलाईन आहे, अधिसूचना नाही, वाजवा.

मग मामांनी हुकमाचं पान काढलं. "पलीकडच्या शहरात बारापर्यंत चालतं. तुमच्याकडेच फार कटकट."

हे 'पलीकडे' फार ऐकलंय. पलीकडच्यांना विचारा, ते आपल्याकडे बोट दाखवतात. नियम देशभर एकच: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, ढोल नाही, बेंजोही नाही. बारापर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं, पण वर्षात फार तर १५ दिवस, आणि तीही सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवाला. भाच्याचं लग्न त्यात बसत नाही, मामा कितीही धार्मिक असले तरी. हे दिवस कोणते, ते आपल्याकडे जिल्हाधिकारी जाहीर करतात. शेजारच्या दोन शहरांत फरक पडू शकतो तो इथे. बेलापूर आणि खारघर घ्या. एकमेकांना खेटून, पोलीस आयुक्तालय एकच, नवी मुंबईचं. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर रायगडात, महापालिकाही वेगळ्या. त्यामुळे तुलना करायचीच तर दोन्ही जिल्ह्यांचे त्या वर्षीचे आदेश शेजारी ठेवून तारखा लावाव्या लागतात. 'पलीकडे चालतं' ही तारीख नव्हे.

"बरं, दहानंतर आत वाजवू," मामा म्हणाले. बंदिस्त जागेला दहाची बंदी नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

"आत कुठे?"

त्यांनी मांडवाकडे हात केला. "चारी बाजूंनी कापड आहे. वरही आहे. बंदिस्त!"

मी त्या झिरमिरीत गुलाबी पडद्याकडे बघत राहिले. त्यातून पलीकडची आइस्क्रीमची रांग दिसत होती. तो पडदा खरोखरीचा हॉल असता, तरी रात्री हद्दीवर ४५ अधिक ५, म्हणजे ५० च्या वर जाता येत नाहीच.

खरं म्हणजे डीजे आणि लॉन हे गणितच जमत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून एका मीटरवर ११० असतील, तर ६० वर यायला तीनशे मीटरहून जास्त अंतर लागतं. आमच्या लॉनची भिंत स्पीकरपासून हाकेवर.

आणि ज्यानं माझ्या मांडणीवरची भांडी नाचतात तो बास, म्हणजे खालचा घुमणारा सूर, तर हिशेबात जवळजवळ धरतच नाहीत. मर्यादा सगळ्या डीबी-ए मध्ये, म्हणजे 'ए-वेटिंग' लावून मोजलेल्या डेसिबलमध्ये. ए-वेटिंग कानाच्या तऱ्हेनं खालचे सूर वजा करतं: ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल. म्हणजे तिथले ९० डेसिबल मोजयंत्रात ६४ च दिसतात. सी-वेटिंग ही मोजण्याची दुसरी तऱ्हा लावली तर तिथे एक डेसिबलही जात नाही. मीटरवर तेही बटण असतं, नियमात मात्र नाही. उलट भिंत आणि खिडकी नेमकी खालच्या सुरांनाच कमी अडवते. गाण्याचे शब्द बाहेर राहतात, धडधड घरात येते. तक्रारीचा हक्कही आवाज मर्यादेपेक्षा १० किंवा त्याहून जास्त असेल तरच. ९ असेल तर सोसा. रात्रीच्या बंधनांचा भंग असेल तर ही अट नाही, म्हणजे दहा वाजेपर्यंत भांड्यांनी मामांच्या तालावर नाचायचं आणि दहा वाजून एक मिनिटानं ११२ ला फोन लावायचा.