एक स्टारवाल्या सरांना दुकानदाराचं उत्तर

नमस्कार सर. १४०० चा रोबो डुप्लिकेट दिला, दीड-दोन रुपयांचं जुनं इंद्रजाल कॉमिक ८०० ला लावलं, नंतर परत घेतलं नाही आणि वर कुठल्याच वस्तूला हात लावू देत नाहीत, असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय. हात लावू देत नाही हे मान्य, ते बदलणार नाही. पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये काचेपलीकडून बघताना कोणी चिडत नाही, आमच्याकडेच का चिडतात कळत नाही.

रोबोच्या बाबतीत चूक आमची. तो चावीचा पत्र्याचा रोबो म्हणजे जुन्या जपानी मॉडेलची चीनमध्ये बनवलेली नवी कॉपी आहे, बिलावर तसं लिहिलंय, पण शेल्फवर पाटी होती ‘व्हिंटेज रोबो’ आणि मी रविवारचा जुन्या बाजारात गेलेलो, काउंटरला भाचा होता, त्याने तुम्ही विचारल्यावर ‘हो काका, जुनाच आहे’ असं ठोकून दिलं. पाटी काढलीय, भाच्याला झापलंय. पुढच्या वेळी कुठेही घेताना बॉक्स उलटा करून बघा, तुमच्या बॉक्सवर बारकोड आहे, आणि दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तोच १९७४ साली अमेरिकेत, मग १९५० च्या दशकातल्या रोबोच्या बॉक्सवर तो येणार कुठून? माझ्याकडे खरा जपानी एकच आहे, सेलवाला, आत सेल गळून पट्ट्या खाऊन टाकल्यात, एक पाऊल टाकत नाही, तरी विकणार नाही. तो १४०० ला मिळत असता तर मीच अजून दोन घेतले असते.

आता तुमचा वेताळ, म्हणजे फँटमचा तो इंद्रजाल अंक. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, म्हणजे शेवटचा अंकसुद्धा आज किमान पस्तीस वर्षांचा म्हातारा आहे. त्यात मराठी अंक लोकांनी सुट्टीत गल्लीभर फिरवले आणि मग रद्दीत घातले. कव्हर धरून आहे, मधलं पान गळलेलं नाही, कसर लागलेली नाही, वर कोणी बॉलपेनने स्वतःचं नाव आणि इयत्ता लिहिलेली नाही, असा अंक हाताला लागायला किती रविवार जातात ते मलाच माहीत. छापील किमतीला विकायचा तर मी दुकान कशाला टाकलं असतं.

आणि परत का घेतला नाही तेही लिहायचं होतंत ना. पिना गंजल्यात हे विकतानाच सांगितलं होतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजतातच. तुम्ही घरी नेऊन त्या उपटल्या, स्टेपलर मारला, आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत सेलोटेप लावली, आणि चार दिवसांनी म्हणालात घ्या परत. सर, मला खरंच पोटात कालवलं. त्या टेपचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो, आणि टेप ओढली तर शाईसकट निघते. आता प्लीज ओढू नका, आहे तशी राहू द्या, अंक पिशवीत घालून आडवा ठेवा, लोखंडी कपाटात असेल तर भिंतीपासून लांब.

कॉमिकचे पैसे देणार नाही. रोबोचे पूर्ण १४०० परत, बॉक्स आणि चावी घेऊन या, चावी विसरू नका. बुधवार आणि रविवार सोडून कधीही या, त्या दिवशी मी जुन्या बाजारात असतो आणि काउंटरला भाचाच असेल.