मेटाडेटा शेवटी भरायचा नसतो

मेटाडेटा म्हणजे डेटाबद्दलची माहिती: काय, कधी, कशाने, कोणत्या एककात मोजलं. त्याबद्दल संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मेटाडेटा म्हणजे रिपॉझिटरीत (डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहात) डेटा टाकतानाचं फॉर्म भरणं. प्रकल्प संपल्यावर दोन दिवसांत उरकतं. तोवर फाइलींना नीट नावं द्या. तारखा कॉम्प्युटर ठेवतोच, बाकी सगळं पेपरच्या पद्धती विभागात येतं.’ आमच्याकडे पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीने तो वाचून नोंदी ठेवणं थांबवलं, म्हणून हे लिहावं लागतंय.

‘दोन दिवसांत उरकतं’ हे सगळ्यात घातक. टायपिंग उरकेल, पण टाइप काय करणार? शीटमधला एक रिकामा सेल घ्या. मोजलंच नाही, उपकरणाच्या मर्यादेखाली गेलं, उत्तर द्यायला नकार मिळाला, की चुकीचं वाटून नंतर खोडलं? प्रत्येक कारणानुसार विश्लेषण बदलतं, आणि तीन वर्षांनी तो सेल यातलं काहीच सांगत नाही. कुणी रिकाम्या जागी -99 भरतं आणि ते कुठे लिहून ठेवत नाही. नऊ नोंदी 25 अंशांच्या, दहावी -99: सरासरी 12.6. तापमान म्हणून हा आकडा खपून जातो, हीच भीती.

2014 साली ‘करंट बायॉलॉजी’त 2 ते 22 वर्षं जुन्या 516 पेपरांच्या डेटाचा माग घेणारा अभ्यास आला. डेटाचं काय झालं हे जिथे कळलं, तिथे तो शिल्लक असण्याचे ऑड्स (असण्याची शक्यता भागिले नसण्याची शक्यता) दर वर्षाला 17 टक्क्यांनी घटलेले दिसले. ही गत फाइलींची. कुठेच न लिहिलेल्या तपशिलांची तर विचारायलाच नको.

नावांबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2024-03-07 अशी वर्ष-महिना-दिवस तारीख नावात असली की फाइली क्रमाने लागतात. पण एकक आणि कॅलिब्रेशन (उपकरण प्रमाणाशी ताडून घेणं) नावात कुठे बसवणार? कॉम्प्युटर दाखवतो ती फाइल बदलल्याची तारीख, मोजणीची नव्हे. पुन्हा सेव्ह केलं की तीही गेली. आणि ‘17 नंबरचा नमुना दुसऱ्या सेन्सरवर घेतला’ हे पद्धती विभागात कुणी लिहीत नाही.

पहिली नोंद घेण्याआधी वेगळी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) करा. प्रत्येक कॉलमसाठी एक ओळ: नाव, अर्थ, एकक, उपकरण, शक्य किमान-कमाल, आणि डेटा नसण्याच्या प्रत्येक कारणाला वेगळा कोड. मूळ डेटाचं फोल्डर रीड-ओन्ली, म्हणजे वाचता येईल पण बदलता येणार नाही असं, ठेवा. साफसफाई कॉपीवरच करा, आणि दर वेळी बदलांच्या फाइलीत एक ओळ टाका: तारीख, कुणी, कोणती फाइल, काय बदललं, का. ‘का’ची जागा रिकामी सोडू नका; बाकीचं दोन फाइली शेजारी ठेवून बरंचसं शोधता येतं, ‘का’ येत नाही.