साडेचार हजार, दोन वार

लिलावात मी माझ्याच बोलीवर बोली चढवली. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण नाशकात गंगापूर रोडला ते पोचायला वेळ लागणार नाही.

सातपूरच्या एका बंद कारखान्याचं सामान निघालं होतं आणि आम्हाला कपाट हवं होतं. पाच हजार अनामत भरली, 27 नंबरचा बिल्ला लावला आणि सावली बघून उभा राहिलो. सावलीत आधीच एक काका होते. निफाडकडचे, पांढरी टोपी, हाताची घडी.

"कपाट उघडून पाह्यलं का?"

"कुलूप आहे. किल्ली सापडत नाही म्हणाले."

"मग वजनावर घेताय म्हणा की."

आणि काकांनी मला उभ्या उभ्या लासलगावला नेलं. "आमच्याकडं व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसतो. वरचा कांदा बघतच नाही, खालचा काढतो, दाबतो, हुंगतो. मग तोंड उघडतो, ते बी असं, जणू आम्ही त्याच्या दारात केर टाकायला आलोय. अर्ध्या मिनिटात चार महिन्यांचा निकाल, की चालला पुढच्या ट्रॅक्टरकडं. अन् तुम्ही लांबून रंग पाहून आलात."

मी म्हटलं, "नोटिशीतच लिहिलंय, 'जसे आहे, जेथे आहे'."

"ते आमच्या कांद्यालाबी लागू आहे," म्हणत काका डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीवर घसरले. तो भाव, ते भाडं, ती उतराई. पाच लॉट विकले गेले तरी काका निर्यातबंदीतच होते. मला हसू येत होतं, ते त्यांचा चेहरा बघून आवरलं.

लॉट 14 पुकारला: लोखंडी कपाट एक, खुर्च्या सहा, किरकोळ. 'किरकोळ' म्हणजे काय, हे बोलीआधी विचारायचं असतं. तीन हजारांच्या वर जायचं नाही, असं घरून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. चिठ्ठी खिशातच राहिली. एक भंगारवाला "चार" म्हणाला आणि तो माझ्या वडिलोपार्जित कपाटावरच उठलाय असं मला वाटलं. "साडेचार!" त्याने तंबाखू मळायला घेतली.

"साडेचार हजार एक वार... दोन वार..."

काकांनी कोपर मारलं. "सोडू नका!"

"पाच!"

भंगारवाल्याचा अंगठा तळहातावरच थांबला. पुकारणाऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'साहेब, साडेचार तुमचीच' एवढं म्हणायला त्याला पुरेसा वेळ होता. तो म्हणाला, "पाच हजार तीन वार, नंबर 27." मग सगळं आवार हसलं. मी टेबलाशी जाऊन भांडलो, तर "एकदा बोललं ते बोललं." माणूस नवखा आहे हे बिल्ल्यावरून नाही तरी तोंडावरून कळत होतंच ना? ते पाचशे मला अजून टोचतात.

त्याच 2023 च्या डिसेंबरात दुबईला आयपीएलच्या लिलावात पंजाबने शशांक सिंगला घेतलं आणि मग 'हा तो नव्हे' असा घोळ घातला. हातोडा पडला होता, घ्यावा लागला. पुढे त्याने गुजरातविरुद्ध 29 चेंडूंत नाबाद 61 काढून सामना जिंकून दिला. माझ्या कपाटाकडून तशी आशा नाही.

पाच हजारांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे नऊशे. टेम्पो बाराशे, दुसऱ्या मजल्याची हमाली सहाशे, किल्लीवाला वेगळा. तीन दिवसांत उचललं नाही तर अनामत जप्त. आणि 'किरकोळ' म्हणजे आगीसाठी वाळू भरून टांगतात त्या अकरा लाल बादल्या. बुडाला गोल. खाली ठेवली की लवंडते.

टेम्पो भरताना काका जवळ आले. "सहा खुर्च्या कशाला तुम्हाला? त्या दोन हातवाल्या मला द्या."

"तीनशे," मी म्हणालो. "प्रत्येकी."

काकांनी एक खुर्ची उलटी केली, चारी पाय हलवून पाहिले, वेताखाली बोट घालून दाबलं, बोट हुंगलं.

"दोन्हीचे मिळून दोनशे," ते म्हणाले. "एक वार."

मी गप्प.

"दोन वार."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी दिल्या. बादली घ्या म्हणालो, तर नको म्हणाले.