काकू, धमनी म्हणजे शुद्ध रक्तच ना?

गेल्या रविवारी लेकीच्या क्लासमध्ये पालकसभा होती. बारावी, बोर्ड महिन्यावर आलेलं, मागोमाग मेडिकलची नीट परीक्षा, त्यामुळे हॉल खच्चून भरलेला. सर माइकवर म्हणाले, "ग्रुप स्टडी म्हणजे ग्रुप टाइमपास. पोरांना एकत्र बसू देऊ नका. एक पोरगं, एक टेबल, एक खोली." सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मीही डोलावली.

घरी येऊन चपला काढतेय तर हॉलमध्ये माझी निळी सुती साडी जमिनीवर लांबच लांब पसरलेली. शेजारी लेकीची लाल ओढणी. मधल्या चार फरशांवर खडूने चौकटी आखलेल्या, दोन वर, दोन खाली. वरच्या आणि खालच्या फरशीच्या मध्ये उशा ठेवलेल्या, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. लेक आणि तिच्याबरोबर अभ्यासाला बसणारे तिघं, अशा चौघांपैकी कोरेगावहून एसटीने येणारा मुलगा त्या उशांवरून अलगद पाय टाकत चाललेला.

"काय रे हे?"

"काकू, मी तांबडी पेशी हाय. आत्ता उजव्या व्हेंट्रिकलमध्ये आलोय."

हृदय मांडलं होतं पोरांनी. चौकटी म्हणजे हृदयाचे कप्पे, खालचे दोन ते व्हेंट्रिकल. उशा म्हणजे झडपा, उजवीकडे तीन दलांची म्हणून तीन, डावीकडे दोन दलांची म्हणून दोन. निळी साडी म्हणजे ऑक्सिजन देऊन परतलेलं रक्त, लाल ओढणी म्हणजे फुफ्फुसातून ताजंतवानं होऊन आलेलं. आणि भांडण पेटलं होतं ते उजव्या व्हेंट्रिकलपासून फुफ्फुसापर्यंत काय अंथरायचं यावरून. लेकीच्या चष्मेवाल्या मैत्रिणीचं म्हणणं, ही पल्मनरी आर्टरी, म्हणजे फुफ्फुसाकडे जाणारी धमनी आहे, आर्टरी म्हणजे लाल, ओढणीच टाका. कोरेगावकर म्हणे, "अगं पण मी अजून फुफ्फुसात गेलोच न्हाई, तर लाल कसा होईन?" दोघंही हट्टाला पेटलेले. शेवटी चष्मेवाली माझ्याकडे वळली. "काकू, धमनी म्हणजे शुद्ध रक्तच ना?"

मी ठामपणे म्हटलं, "हो. धमनी शुद्ध, शीर अशुद्ध." शाळेत असंच तर पाठ केलं होतं.

शेजारच्या मुलाने शांतपणे पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन. त्यात रक्त कसलं आहे याचा व्याख्येशी संबंधच नाही. म्हणजे फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त जातं. तीस वर्षं मी चुकीचं घेऊन हिंडत होते आणि चार पोरांसमोर उघडी पडले. गुपचूप स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

पण गंमत पुढे आहे. आतून ऐकते तर लेक म्हणाली, "मग असं अजून कुठे असतं?" थोडा वेळ शांतता. मग चष्मेवालीच ओरडली, "नाळ! दुसरा चॅप्टर! बाळाकडून प्लासेंटाकडे जातं ते कमी ऑक्सिजनचं रक्त पण आर्टरीतूनच जातं की!" आठवा धडा दुसऱ्या धड्याला जाऊन चिकटला तो असा, हॉलमध्ये, चुकल्यानंतर. शिवाय 'अशुद्ध' हा शब्दही किती फसवा आहे हे त्यांनीच मला ऐकवलं. आरामात बसलेल्या माणसाच्या शिरेतून परत येणाऱ्या रक्तातसुद्धा साधारण पाऊण ऑक्सिजन शिल्लक असतो म्हणे. त्यात अशुद्ध काही नाही आणि निळं तर मुळीच नाही, फक्त जरा गडद लाल.

हे कुठल्या बंद खोलीत, एका टेबलापाशी झालं असतं, सांगा मला. चष्मेवालीने ते पान आधी पाच वेळा वाचलेलं होतं. पिवळ्या हायलायटरने रंगवलेलंही होतं. वाचताना सगळं येतंय असंच वाटतं, कारण उत्तर समोरच असतं. 'आर्टरी म्हणजे लाल' हा गैरसमज तिच्या डोक्यात मजेत बसला होता, त्याला हटकणारं कोणी नव्हतं. ओढणी हातात घेऊन ती जमिनीवर अंथरायची वेळ आली तेव्हा कुठे तो सापडला.

माझी नणंद कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला फोनवर हे सांगितलं तर तिने रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा 2006 सालचा प्रयोग सांगितला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. नणंद म्हणाली, वहिनी, हा प्रयोग ग्रुप स्टडीचा नाही हं, एकट्यालाही हे करता येतं. कबूल. पण सतरा वर्षांचं पोर एकटं असताना पुस्तक मिटेल का? समोर कोणी "सांग बघू" म्हणणारं असलं की ते मिटावंच लागतं.

आमच्या लेकीनेही दोन महिने अभ्यासिका लावली होती. प्लायवुडचा कप्पा, डोक्यावर दिवा, भिंतीवर 'शांतता राखा'. ज्यांच्या घरी बसायला जागा नाही त्यांना अभ्यासिका म्हणजे आधार आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण बायॉलॉजी हा शांतता राखून करायचा विषय नाही हे माझं मत आता पक्कं झालंय. गणित एकट्याने सुटतं, चुकलं तर उत्तर जुळत नाही, लगेच कळतं. बायॉलॉजीत चुकलेलं कळतच नाही. ते पाठ होतं आणि पाठच राहतं.

कोरेगावकराची गोष्ट जरा सविस्तर सांगते. हा दहावीपर्यंत मराठी माध्यमात. तिथे तो तंतुकणिका म्हणायचा, अकरावीत आल्यावर तिचं मायटोकॉन्ड्रिया झालं. सूत्री विभाजनाचं मायटॉसिस झालं. वर्ग सगळा इंग्रजीत, त्यामुळे पहिलं वर्ष पोरगा गप्पच होता म्हणे. आता हॉलमध्ये काय होतं, तर तो मराठीत समजावून सांगतो, चष्मेवाली त्याचं इंग्रजी वाक्य करते, तो ते उतरवून घेतो. तिला स्पेलिंग येतं, याला शेत येतं. गटेशन हा शब्द तिला तोंडपाठ होता, व्याख्येसकट. हा म्हणाला, "आवो, ते आळवाच्या पानाच्या कडंला सकाळी थेंब असत्यात ना, तेच. लोकांना वाटतं दव पडलंय. दव सगळ्या पानावर पडतं, हे कडंलाच असतंय." मुळांच्या दाबाने वर चढलेलं पाणी रात्री पानाच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर येतं, ते हे. चष्मेवाली दुसऱ्या दिवशी सहाला उठून मागच्या दारचं अळू बघायला गेली. आता परीक्षेत तो प्रश्न आला तर ती व्याख्या नाही आठवणार, पान आठवणार.

आणि तो दुसरा धडा! मानवी प्रजनन. दोन मुली, दोन मुलगे, आणि कोपऱ्यात माझ्या सासूबाई जपमाळ घेऊन. सुरुवातीला चौघांचे आवाज असे खाली गेले की मला वाटलं, हा धडा आता ऑप्शनला जाणार. सासूबाईंनीच मध्ये तोंड घातलं. "काय रे, कशाबद्दल कुजबुजताय?" लेक चाचरत म्हणाली, प्लासेंटा म्हणून असतं आजी. "वार म्हण की मग. बाळ झालं की वार पडली का, वार पडली का म्हणून सुईण घाबरी व्हायची. अडकली की बाईचं काही खरं नसायचं." कोरेगावकर लगेच, "आमच्यात गायीला जार म्हणत्यात आजी. जार पडंपर्यंत आप्पा गोठ्यातनं हलत न्हाईत." झालं, लाज गेली खड्ड्यात. वार काय काम करते, ती आईच्या आणि बाळाच्या रक्ताची सरमिसळ न होऊ देता देवाणघेवाण कशी होऊ देते, हे त्या दिवशी सासूबाईंनाही कळलं. "म्हणजे माझं रक्त पोरात गेलंच नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं. जरा नाराजच झाल्या.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यात गाठून विचारलंच, "मुलगे-मुली एकत्र बसतात का हो तुमच्याकडे?" बसतात. दार उघडं असतं, आजी हॉलमध्ये असते, पोहे मी करते. हे मी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले असेन, पण त्याला कारण आहे.

1995 साली मी बारावीला होते. आमच्या गावातली बारावीची पोरं रात्री मारुतीच्या देवळात ट्यूबलाइटखाली जमायची. एकमेकांना प्रश्न विचारायची, भांडायची, जोरजोरात उत्तरं म्हणायची. आम्ही तिघी मुली होतो सायन्सला. तिघींची घरं हाकेच्या अंतरावर, पण दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडायचा नाही. आमचे आप्पा म्हणायचे, अभ्यास घरात बसून होतो. माजघरात मी एकटीच पुस्तक धरून बसायचे, 'धमनी शुद्ध, शीर अशुद्ध' घोकत. देवळातल्या पोरांना हुशार म्हणायचे सगळे. त्यांची हुशारी मी नाकारत नाही, पण त्यांना चुकायला जागा होती आणि आम्हाला ती नव्हती, हे मला आत्ता, माझ्याच हॉलमध्ये, ती साडी पायांत येत असताना कळलं. म्हणून कोणी ग्रुप स्टडीला टाइमपास म्हटलं की माझं डोकं फिरतं. सभेत का नाही फिरलं, विचारू नका.

टाइमपास होत नाही असं मुळीच नाही. पहिले आठ दिवस पोह्यांशिवाय दुसरं काही संपलं नाही. मग मी मोबाइल परडीत जमा करायला लावले आणि पाचवी मुलगी "मी फक्त नोट्सचे फोटो घ्यायला येते" म्हणाली तिला गोड बोलून कटवलं. शेवटचा एक तास तोंड बंद, पेन चालू. कारण बोर्डाचा 70 मार्कांचा पेपर तीन तासांत शेवटी एकट्यालाच लिहायचा असतो, तिथे आकृतीला नावं द्यायला मित्र येत नाही.

रडारडही झाली. प्रिलिममध्ये कोरेगावकराला माझ्या लेकीपेक्षा सहा मार्क जास्त पडले. रात्री उशीत तोंड खुपसून म्हणाली, "तो डायहायब्रिड क्रॉस मी त्याला शिकवला होता, आई. सोळा चौकटी मी काढून दिल्या होत्या." यावर मला पटकन काही सुचलं नाही. क्लासवाले अशाच वेळी सांगतात, बघा, मित्र हाच तुमचा कॉम्पिटिटर. पण जरा हिशोब करा की. नीटला देशभरातून वीस लाखांच्या वर मुलं बसतात. 180 प्रश्न, त्यातले 90 बायॉलॉजीचे, 720 पैकी 360 मार्क तिथेच. एक प्रश्न चुकला तर चार हुकतात आणि वर एक कापला जातो. वीस लाखांच्या गर्दीत माझ्या हॉलमधली तीन पोरं माझ्या लेकीची वाट अडवणार? उलट तिची चूक पेपरच्या आधी पकडणारी तेवढीच तीन माणसं तिच्याकडे आहेत. हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण चार वाजता तिनेच दार उघडून ठेवलं होतं.

हृदयाचा धडा संपवताना त्यांनी अजून एक उद्योग केला. एका ठोक्याला 70 मिली रक्त, मिनिटाला 72 ठोके, गुणाकार 5040. म्हणजे पाच लिटर. माझा तेलाचा पाच लिटरचा कॅन हॉलमध्ये आणून मधोमध ठेवला आणि चौघं एक मिनिटभर नुसते त्याच्याकडे बघत बसले. दर मिनिटाला एवढं. बसल्या बसल्या.

उद्या कंट्रोल अँड कोऑर्डिनेशन आहे. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या मांडायच्यात, दोरी आहे का म्हणून लेकीने आत्ताच विचारलं. सुतळीचा गुंडा काढून ठेवलाय. साडी मात्र आता मिळणार नाही, खडूचे डाग निघता निघेनात.