कशाने पटेल, ते आधी सांगा

गेल्या वर्षी एकच वाद मला दोन भाषांत ऐकायला मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, जूनमध्ये शब्द बदलून नवा निर्णय काढला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर दोनच महिन्यांनी मी राहतो त्या स्वित्झर्लंडमधल्या झुरिक कँटनच्या (कँटन म्हणजे तिथलं राज्य) विधिमंडळाने प्राथमिक शाळेतून फ्रेंच काढून माध्यमिकला न्यावी असं बहुमताने ठरवलं. प्रश्न तोच: लहान मुलांवर किती भाषा, आणि कोणत्या वयात?

इथे सगळं शांतपणे झालं असं मुळीच नाही. फ्रेंच भाषक कँटनांना हे फार लागलं, देशाच्या एकतेचा मुद्दा निघाला, आणि केंद्र सरकार मध्ये पडणार अशी चिन्हं दिसू लागली. तरीही या वादातून मला काही शिकायला मिळालं. घरच्या वादातून, त्यातली कळकळ पूर्ण पटूनही, तेवढं मिळालं नाही. यामागचं कारण मी बरेच दिवस शोधतो आहे.

आमच्या इमारतीत प्राथमिकला फ्रेंच शिकवणाऱ्या एक बाई राहतात. फ्रेंच राहावी या मताच्या. जिन्यात भेटल्या की त्या आपल्याच विरुद्धचा पुरावा आधी मांडतात: पाचवी-सहावीत दोन वर्षं शिकूनही बऱ्याच मुलांना साधं वाक्य जमत नाही. मग विचारतात, आठवड्याचे तास वाढवून, वर्गात मुलं कमी करून कोणी पाहिलंय का? तसं करूनही फरक पडला नाही, तर मी माझं मत सोडेन. दुसऱ्या बाजूचे लोक सिमोन फेनिंगर या भाषाशास्त्रज्ञ बाईंच्या इथल्याच अभ्यासाचा दाखला देतात. इंग्रजी पाच वर्षं उशिरा सुरू केलेली मुलं लवकर सुरू केलेल्यांना थोड्याच काळात गाठतात, आणि आपल्या भाषेत नीट वाचता-लिहिता येणं त्यांच्या फार कामी येतं, असं त्यात दिसलं. दोन्ही बाजूंचं पटत नाही, पण फैसला कशावर व्हावा हे बऱ्यापैकी पटलेलं आहे. म्हणून भांडण झालं तरी शेवटी हाती काहीतरी लागतं.

घरी फोन केला की पहिला प्रश्न असतो, तू कोणाच्या बाजूचा? याचा मला राग येत नाही. झुरिकमध्ये जर्मनला फ्रेंचपासून धोका नाही, त्यामुळे इथल्या लोकांना थंड डोक्याने बोलणं सोपं जातं. मुंबईत मराठी माणसाला जी भीती वाटते ती खरी आहे, आणि पहिलीपासूनच्या सक्तीला माझाही विरोधच होता. पण त्या तीन महिन्यांत ‘सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपते का, आणि ते कसं तपासायचं’ हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकांचा आवाज मोर्च्यांच्या आणि चॅनेलवरच्या चर्चांच्या गदारोळात फार क्षीण राहिला. निर्णय मागे घेतला गेला आणि वाद थांबला. मुलं भाषा कशी शिकतात याबद्दल आपल्या सगळ्यांच्या माहितीत मात्र फारशी भर पडली नाही.

हे आपल्याला जमत नाही असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आठवा. वैशाख शके १५४९ की फाल्गुन शके १५५१, म्हणजे १६२७ की १६३०? बखरींतल्या तिथी आपसात जुळत नव्हत्या. लोकमान्य टिळकांनी १९०० साली ‘केसरी’त हा प्रश्न चर्चेला घेतला. पुढे त्यांनीच १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे मावळातल्या जेधे देशमुखांच्या घरची तिथीवार नोंद, उजेडात आणली, आणि तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. एवढ्याने सगळ्यांचं समाधान झालं नाही, ते बरंच झालं. कारण न पटलेल्यांसाठी शोध चालू राहिला. महाराजांच्याच पदरच्या परमानंद कवीचं ‘शिवभारत’ तंजावरला सापडलं, १९२७ मध्ये छापलं गेलं, त्यातही तीच तिथी. जोधपूरला जपलेल्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही जुळली. मावळातल्या देशमुखांच्या घरची नोंद, तंजावरची संस्कृत पोथी आणि मारवाडातली कुंडली यांनी एकमेकांवरून उतरवून घेतलं असण्याची शक्यता फार कमी. म्हणून त्यांच्या एकमताला वजन. दहा बखरींनी एकमेकींवरून उतरवलेली एकच तिथी दिली असती, तर तिला एका बखरीएवढंच महत्त्व राहिलं असतं.

एकमताकडे मी हल्ली असंच पाहतो. पाचशे जणांच्या ग्रुपवर एकच मजकूर पुढे ढकलला जातो आणि सगळे अंगठे वर करतात, तेव्हा ती पाचशे मतं नसतात. आणि इथे बैठकीत सगळे माना डोलावतात तेव्हाही मला चैन पडत नाही. इथल्या सभ्यपणात पुष्कळ न पटणं गिळलं जातं. आपल्याकडे निदान ते तोंडावर सांगतात, आणि तो गुण मला इथे फार आठवतो.

तिसऱ्या भाषेचा विषय पुन्हा निघणार आहेच. तेव्हा दोन्ही बाजूंनी, मी धरून, बोलायला उभं राहण्याआधी एक ओळ लिहून द्यावी: तिसरीतल्या मुलाला मराठी परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता आला किंवा आला नाही, तर माझं मत कुठे बदलेल. आणि ती चाचणी कोणत्या शाळांत, कोणी, कधी घ्यायची, हे दोन्हीकडच्या शिक्षकांनी एका टेबलाशी बसून ठरवावं.