समोरच्याला का नाही मागितले?

सकाळी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेल्वेत प्रवाशांचे नागरिकत्वाचे कागद तपासतानाचा व्हिडिओ आला आणि खाली ते ठरलेलं वाक्य: "कागद असतील तर घाबरायचं कशाला?" त्यावर अंगठ्यांची रांग. तिथं काही बोललं की 'राजकारण नको' म्हणून दटावतात, म्हणून इथं लिहितेय.

बाबा आले होते तेव्हा हौसेनं त्यांना लेक शोअर लिमिटेड या रेल्वेगाडीनं न्यूयॉर्कला नेलं. रात्री शिकागो सोडते, सकाळी बफेलो, मग रॉचेस्टर, सिरॅक्यूज. ही गाडी कॅनडात जात नाही. कॅनडाच्या सीमेवरच्या सरोवरांच्या काठानं जाते, एवढाच तिचा गुन्हा. बफेलोनंतर बॉर्डर पेट्रोलचे, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाचे, दोन गणवेशवाले डब्यात आले. पलीकडच्या गोऱ्या आजोबांना विचारलं, "अमेरिकन नागरिक?" ते "हो" म्हणाले. संपलं. मग आमच्याकडं वळले. बाबांनी तत्परतेनं तिकीट पुढं केलं. जन्म एस.टी.त कंडक्टर म्हणून गेलेला, त्यांना वाटलं चेकर आलाय.

पासपोर्ट वरच्या बॅगेत. मी उभी राहून कपडे, औषधं, चटणीची पुडी उपसतेय आणि अख्खा डबा बघतोय.

१९५३ च्या एका नियमानं सीमेपासून शंभर मैलांच्या पट्ट्यात हे लोक वॉरंटशिवाय गाडीत चढून विचारपूस करू शकतात. समुद्रकिनाराही सीमाच धरतात. देशातली साधारण दोन तृतीयांश माणसं त्या पट्ट्यात राहतात. न्यूयॉर्क त्यात, लॉस एंजेलिस त्यात. कसली डोंबलाची सीमा!

बरं, मान्य. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं कागद जवळ बाळगायचे, असा कायदा आहे. आणि ते दोघं उद्धट नव्हते, बाबांना 'सर' म्हणाले. पुढं?

पुढं हे, की नागरिकाला कागद बाळगायची सक्तीच नाही. मग कुणाचं नुसतं "हो" चालेल आणि कुणाला पुरावा मागायचा, हे ठरतं कशावरून? चेहऱ्यावरून, उच्चारावरून. माझी एक मैत्रीण इथली नागरिक आहे, तरी पासपोर्ट कार्ड पर्समध्ये घेऊन फिरते. तिला विचारा, कागद असले की भीती जाते का ते.

ते दोघं पुढच्या डब्यात गेल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "अगं, समोरच्याला का नाही मागितले?" मी म्हटलं, बाबा, त्यांना गरज वाटली नसेल. तर म्हणाले, "मी गाडीत तोंडं बघून तिकिटं तपासली असती तर लोकांनी मला स्टँडवर उतरू दिलं नसतं."

आता राग थोडा निवलाय, तर आपलंही सांगते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या काही बंगाली माणसांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं, आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. तेव्हा याच ग्रुपवर टाळ्या वाजल्या होत्या. तोंड बघून, भाषा ऐकून. त्यांच्याकडेही कागद होतेच की.

अल्बनीनंतर हडसन नदी खिडकीशी येते, त्या गाडीतला सगळ्यात सुंदर भाग. मी "बाबा, बघा ना" म्हणतेय आणि ते शर्टाच्या खिशातला पासपोर्ट चाचपतायत. सारखे.

'एवढा त्रास होतो तर परत जा' लिहायला आलेल्यांनी तसदी घेऊ नये, सरळ ब्लॉक करेन. नातेवाईक असलात तरी.